दगड उलटा करा मग नदी दिसते: इंदूरवाल्यांसाठी ओढा बघायची रीत

आपल्या इंदुरात वाहत्या पाण्याला सगळ्यांचा मिळून एकच शब्द आहे, नाला. गटाराचं पाणी वाहतं तोही नाला आणि जंगलातून खळखळ करत येतं तोही नाला. माझी आजी ओढा म्हणायची, ओहळ म्हणायची, आता आमच्या राजेंद्र नगरात हे शब्द काढले की पोरं विचारतात, आत्या ये क्या होता है. चार वर्षांपूर्वी भाचा आणि भाचीला पहिल्यांदा चोरलकडे घेऊन गेले होते, गाडी रपट्यापाशी, म्हणजे ओढ्यावरच्या बुटक्या पुलापाशी, थांबवली तर भाचा काचेतून बघून म्हणाला, नालाही तो है, चलो आगे. मी म्हटलं उतर खाली, एक दगड उचल आणि मग बोल. त्यानंतर दोन तास तो पाण्यातून बाहेर यायला तयार नव्हता.

तेव्हापासून दर थंडीत आमची ही फेरी असते, कॉलनीतली अजून चार-पाच पोरं येतात, एखादे काका येतात, आणि सगळे मला विचारतात की नक्की करायचं काय तिथे, पिकनिकच ना? पिकनिक पण आहे, पोहे घेतोच आम्ही डब्यात, पण ओढा बघायची एक रीत असते ती एकदा नीट लिहून टाकते.

आधी कधी जायचं ते. पावसाळ्यात नाही. हे मी तीनदा लिहीन तरी कमी आहे. आपल्या घाटातले ओढे उथळ आणि खडकाळ आहेत, खाली काळा पाषाण, पाणी मुरायला जागा कमी, त्यामुळे वर कुठेतरी जोरात पाऊस झाला की तुमच्या डोक्यावर ऊन असतानाच पाणी येतं. २०११ च्या जुलैत पातालपानीला अचानक लोंढा आला आणि पाण्यात उभं असलेलं कुटुंब वाहून गेलं, तो व्हिडिओ बहुतेक सगळ्यांनी बघितलाय. तर ओढ्यात उतरायचे महिने म्हणजे ऑक्टोबर शेवट ते जानेवारी. पाऊस संपलेला असतो, गढूळपणा बसलेला असतो, पाणी वाहतं असतं पण गुडघ्याखाली. फेब्रुवारी-मार्चपर्यंत बरेचसे छोटे ओढे आटतात, तेव्हाही जायचं पण वेगळ्या कामासाठी, ते शेवटी सांगते.

तरी पण हिवाळ्यात सुद्धा मावठा होतो बरं का, म्हणून ही खूण लक्षात ठेवा: पाण्याचा रंग एकदम मातकट झाला, काडीकचरा पानं जास्त यायला लागली, किंवा आवाज बदलला, यातलं एक जरी झालं तर सामान सोडून काठ चढायचा, चाळणी राहिली तर राहिली. गुडघ्याच्या वर पाणी असेल तर उतरायचं नाही. धबधब्याच्या काठावर आणि डोहात अजिबात नाही, डोह वरून शांत दिसतो म्हणूनच फसवतो. आणि चप्पल नको, जुने बूट घाला, शेवाळलेला काळा दगड साबणापेक्षा वाईट. खरं सांगू का, आम्हाला आजवर सापाने त्रास दिला नाही, दिला तो बाटल्यांच्या काचांनी. लोक येतात, बसतात, बाटल्या दगडावर फोडून जातात, काय आनंद मिळतो देव जाणे.

सामान काही विकत आणायची गरज नाही. घरातली जुनी पिठाची चाळणी, बारीक जाळीची हवी, चहाची गाळणी पण चालेल पण छोटी पडते. दोन पांढऱ्या ताटल्या किंवा आइस्क्रीमचे पांढरे डबे, पांढरेच हवेत कारण किडे सगळे मातीच्या रंगाचे असतात, स्टीलच्या ताटलीत काही दिसत नाही. एक भिंग, एक मऊ ब्रश पोरांच्या रंगपेटीतला, मोजपट्टी किंवा टेप, एक सरळ काठी जिच्यावर दर पाच सेंटिमीटरवर पेनाने खूण केलीये, एक थर्मामीटर मिळाला तर (तापाचा नको, त्याचे आकडेच पस्तीसच्या वर सुरू होतात, आमच्याकडे एका काकांनी तोच आणला होता), मोबाइलचं स्टॉपवॉच, वही, आणि एक संत्रं. संत्र्याचं काम पुढे येतं.

आता कुठे जायचं. आम्ही खंडवा रोडने जातो, सिमरोल सोडलं की भेरू घाट उतरायचा आणि खाली चोरल, इंदूरपासून ३५-४० किलोमीटर. जागा तुम्ही तुमची निवडा, फक्त गावाच्या आणि धाब्याच्या वरच्या अंगाला असावी, आणि जिथे गुरांना पाणी पाजतात तिथे नको, त्यांचा पाणवठा आपण गढूळ करायचा नाही. पण माझ्या मते खरी मजा पोचण्याआधीच चालू होते, रस्त्यातच. खिडकीतून मोऱ्या बघत जायच्या. रस्त्याखालून जिथे जिथे पाणी जातं तिथे ते कुठल्या बाजूला चाललंय ते बघायचं. इंदुरातून निघाल्यावर सगळं पाणी उलटं, म्हणजे उत्तरेला आपल्या मागे पळत असतं, ते जातं कान्ह किंवा क्षिप्रेकडे, तिथून चंबळ, यमुना, गंगा आणि शेवटी बंगालचा उपसागर. पठाराची कड ओलांडली की पाणी आपल्याबरोबर दक्षिणेला उतरायला लागतं, चोरल नदी, मग बडवाहकडे नर्मदा, आणि शेवटी भरूचच्या पुढे अरबी समुद्र. म्हणजे रस्त्यावर एक अशी जागा आहे की पावसाचे दोन थेंब शेजारी शेजारी पडले आणि एक बंगालला गेला, एक गुजरातला. ती जागा नेमकी कुठे यावरून आमच्या गाडीत दर वर्षी भांडण होतं आणि ते झालंच पाहिजे, मोबाइलवर नकाशात उंचसखल भाग दाखवणारा ऑप्शन असतो तो मागून उघडा, आधी पोरांना अंदाज करू द्या.

ज्यांना हे अजून ठसठशीत बघायचंय त्यांनी महूच्या पुढे जानापावला जावं, साडेआठशे मीटरच्या आसपास उंच टेकडी, परशुरामाचं जन्मस्थान मानतात, तिथले लोक सांगतात की इथून साडेसात नद्या निघतात. अर्धी नदी कशी काय ते विचारू नका, मी विचारलं होतं, उत्तर हसण्यात गेलं. पण चंबळ तिथूनच निघते हे खरं, एवढी मोठी चंबळ, पुढे जिच्यात घडियाल राहतात, आणि सुरुवातीला बघाल तर म्हणाल ही? त्याच टेकडीच्या एका अंगाचं पाणी चंबळला आणि दुसऱ्या अंगाचं नर्मदेला.

पोचलात की लगेच पाण्यात उतरू नका. पोरं ऐकत नाहीत पण दहा मिनिटं काठावर गप बसायचं. बहुतेक लोक हे टाळतात आणि म्हणूनच त्यांना काही दिसत नाही. आपण आलो की सगळं लपतं, दहा मिनिटांनी परत चालू होतं. खंड्या येऊन फांदीवर बसतो, धोबी पक्षी शेपटी हलवत दगडावरून दगडावर, पाण्याच्या वर लांब पाय पसरून घसरणारे किडे, त्यांच्या पायांची सावली तळावर गोल गोल ठिपक्यांसारखी पडते, किडा नाही दिसला तर ती सावली शोधा. काठावरची झाडं बघा, अर्जुन असतो पांढऱ्या गुळगुळीत खोडाचा, जांभूळ असतं, करंज, उंबर. अर्जुन दिसला की समजायचं की इथे जमिनीत ओल वर्षभर टिकते, वर पाणी असो नसो.

मग पाण्याचा आकार वाचायचा. ओढा एकसारखा वाहत नाही, त्याचे तुकडे असतात. जिथे दगडांवरून उथळ पाणी फेसाळत जातं तो खळाळ, मग खोल संथ डोह, मग परत खळाळ. वळणावर बाहेरचा काठ खरवडला जातो आणि आतल्या बाजूला वाळू साठते. पुस्तकात लिहितात की ओढ्याच्या रुंदीच्या पाच ते सात पट अंतरावर खळाळ परत येतो, ते मातीवाळूतल्या नद्यांचं झालं, आपल्या काळ्या खडकात ओढ्याला खडक जसा फुटलाय तसं जावं लागतं, मी टेपने मोजून बघितलंय, कधी तीन पट कधी पंधरा. तर तो हिशोब सोडा. महत्त्वाचं हे की खळाळात हवा पाण्यात मिसळते म्हणून तिथे ऑक्सिजन जास्त, आणि म्हणून तिथेच सगळ्यात जास्त राहणारी मंडळी. पाण्यात ऑक्सिजन फार नसतो हो, २५ डिग्रीच्या पाण्यात एका लिटरमध्ये जास्तीत जास्त ८ मिलिग्रॅमच्या थोडा वर, ३० डिग्रीला साडेसात. पाणी तापलं की तो अजून उडतो. त्या जराशा हवेवर सगळा संसार चाललेला असतो.

आता संत्रं काढा. ओढ्यात किती पाणी वाहतंय हे मोजायचंय. एक सरळसा तुकडा बघा, १० मीटर टेपने मोजून दोन्ही टोकांना दगड ठेवा. वरच्या टोकाच्या थोडं आधीच संत्रं पाण्याच्या मधोमध सोडा, पहिल्या दगडापाशी आलं की स्टॉपवॉच चालू, दुसऱ्यापाशी बंद. संत्रंच का, कारण ते अर्ध्याहून जास्त बुडून तरंगतं म्हणून वारा त्याला ढकलत नाही, रंग लांबून दिसतो, आणि हरवलं तरी कचरा होत नाही. असं तीनदा करा आणि सरासरी घ्या. मग रुंदी मोजा, आणि त्याच रेषेत पाच ठिकाणी काठी उभी करून खोली बघा, पाचांची सरासरी काढा.

आमचा गेल्या डिसेंबरचा हिशोब देते म्हणजे समजेल. रुंदी २ मीटर, सरासरी खोली १५ सेंटिमीटर म्हणजे ०.१५ मीटर, गुणाकार ०.३ चौरस मीटर. संत्र्याला १० मीटर जायला २५ सेकंद, म्हणजे सेकंदाला ०.४ मीटर. ०.३ गुणिले ०.४ म्हणजे ०.१२. पण वरचं पाणी पळतं तसं तळाचं पळत नाही, दगडांना घासून ते मंद होतं, म्हणून त्याला परत ०.८५ ने गुणायचं, आलं ०.१०२ घनमीटर, म्हणजे सेकंदाला १०२ लिटर. गच्चीवरची हजार लिटरची टाकी दहा सेकंदांत भरेल! आणि दिवसाला ८८ लाख लिटर. भाचीने हे वहीत तीनदा करून बघितलं कारण तिला खोटं वाटत होतं, एवढासा तर ओढा आहे आत्या. (संत्रं नंतर खायचं नाही, प्रत्येक वर्षी कुणीतरी विचारतं.)

आणि आता दगड. सगळ्यात जास्त वेळ याला ठेवा.

खळाळात घोट्यापर्यंत पाण्यात उभं राहायचं, तोंड पाणी येतं त्या दिशेला. तळहाताएवढा दगड निवडा, मातीत गाडलेला नको, सुटा हवा. एकाने दगडाच्या खालच्या अंगाला, म्हणजे पाणी जिकडे चाललंय तिकडे, चाळणी तळाला टेकवून धरायची, दुसऱ्याने दगड हळूच उचलायचा म्हणजे निसटणारे किडे वाहत जाऊन चाळणीत अडकतात. दगडाची खालची बाजू बघा. पहिले पाच सेकंद काहीच दिसणार नाही, ओला दगड, शेवाळ. मग एक डाग सरकतो. मग लक्षात येतं की सगळाच दगड हलतोय. ब्रशने हळू ताटलीतल्या पाण्यात उतरवा, चिमटीत धरू नका, पाय तुटतात. दगड जसा होता तसाच, तीच बाजू खाली करून, त्याच जागी ठेवायचा, त्याच्या खाली ज्यांचं घर होतं ते परत येतात. हा नियम मोडला की आमच्याकडे पोहे मिळत नाहीत.

ताटली सावलीत ठेवा आणि दहा मिनिटांत परत ओढ्यात रिकामी करा, एवढुसं पाणी लगेच तापतं.

आता ओळखायचं कसं. नावं पाठ करायची गरज नाही, शेपट्या मोजा. मागे तीन बारीक केसांसारख्या शेपट्या आणि पोटाच्या दोन्ही बाजूंना हलणारी पिसं, तर ते मेफ्लायचं पिल्लू, ती पिसं म्हणजे त्याचे कल्ले. हे पिल्लू पाण्यात काही महिने काढतं आणि पंख फुटल्यावर फार तर एक-दोन दिवस जगतं, मोठ्या मेफ्लायला खाता येईल असं तोंडच नसतं. दोनच शेपट्या आणि कल्ले पायांच्या बुडाशी असतील तर स्टोनफ्लाय, ती मला चार वर्षांत दोनदाच दिसली, दिसली तर फोटो काढा कारण तिला थंड आणि अगदी चांगलं पाणी लागतं. शेपट्या जाड आणि पानासारख्या चपट्या तीन असतील तर टाचणीचं पिल्लू (टाचणी म्हणजे चतुरासारखाच पण बारीक, नाजूक किडा), आणि शेपट्या नाहीत, बुटकं, जाडं, चेहरा रागावलेला, तर चतुर. चतुराच्या पिल्लाचा खालचा ओठ हाताच्या कोपरासारखा दुमडलेला असतो, शिकार जवळ आली की तो फट्दिशी पुढे फेकून पकडतं, भिंगातून हे बघायला मिळालं तर दिवस वसूल. दगडाला चिकटलेला तांब्याच्या नाण्यासारखा गोल चपटा ठिपका असेल तर नखाने खरवडू नका, तो पण किडाच आहे, भुंग्याचं पिल्लू, खाली सहा पाय असतात.

पण पोरांचा लाडका म्हणजे कॅडिस. हा स्वतःभोवती वाळूचे कण, काडीचे तुकडे रेशमाने चिकटवून नळी बांधतो आणि ती ओढत फिरतो. आमचा भाचा पहिल्या वर्षी ओरडला होता, आत्या कंकर चल रहा है! ते कंकर म्हणजे हाच. काही कॅडिस नळी न करता दगडांमध्ये बारीक जाळं विणतात, उघडं तोंड पाण्याच्या दिशेला, जे वाहून येईल ते खायचं. आपण मासेमारीचं जाळं बघून कौतुक करतो, हे तांदळाच्या दाण्याएवढ्या किड्याचं काम आहे.

एवढं सगळं मोजण्याचं कारण असं की पाणी कसं आहे हे हे किडे बाटलीतल्या तपासणीपेक्षा चांगलं सांगतात. बाटलीत त्या एका क्षणाचं पाणी येतं, रात्री कुणी काही सोडलं आणि सकाळपर्यंत वाहून गेलं तर बाटली गप्प, पण किडा तिथेच होता, तो मेला असेल. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळानेही किड्यांवरून पाण्याची प्रत ठरवायची पद्धत केलेली आहे. आपण घरगुती पद्धत वापरू: मेफ्लाय, स्टोनफ्लाय, कॅडिस यातले दोन तरी प्रकार मिळाले तर पाणी छान. फक्त चतुर, टाचणी, गोगलगायी, भुंगे मिळाले तर ठीकठाक. फक्त लाल अळ्या आणि डासांच्या अळ्या, तर समजून जा. एका दगडावरून ठरवू नका, दहा दगड तरी बघा, आणि दोन वेगळ्या खळाळांत.

डोहाच्या कडेला सडकी पानं साठलेली असतात, तीही एक मूठ ताटलीत घ्या. ओढ्याचं अर्ध्याहून जास्त जेवण वरून पडलेल्या पानांतून येतं, विशेषतः झाडांची सावली असते तिथे. पान पडलं की आधी त्यावर बुरशी बसते, पान मऊ होतं, मग किडे बुरशीसकट कुरतडतात, माझ्या मते आपण नुसत्या पोळीऐवजी तूप लावलेली खातो तसं. शिरांची जाळी उरलेलं पान सापडलं तर वहीत ठेवायला हरकत नाही, तेवढंच घरी आणा, बाकी काही नाही.

मग पोहे. जिरावण, पोह्यांवर भुरभुरायचा आपला मसाला, विसरू नका. कधी पातालपानी-कालाकुंडची हेरिटेज ट्रेन चालू असेल आणि त्या बाजूला गेलात तर कालाकुंडचं कलाकंद पळसाच्या पानात मिळतं, ते वेगळं प्रकरण आहे, त्याच्यावर मी वेगळं लिहीन.

आता दुसरा भाग, आणि हा त्याच दिवशी करायचा, दुसऱ्या रविवारी नाही, नाहीतर फरक अंगावर येत नाही. परत येताना कृष्णपुऱ्याला थांबा, होळकरांच्या छत्र्यांपाशी. कान्ह, जिला आपण वर्षानुवर्षं खान म्हणतो, आणि सरस्वती या दोन नद्या शहराच्या मध्यात भेटतात तो हा भाग. आजी सांगायची की लहानपणी ती इथे घाटावर यायची, तिच्या आईबरोबर. इथे पाण्यात उतरायचं नाही, पाय पण घालायचा नाही. दोरी बांधलेली बादली काठावरून टाकायची, हातात रबराचे ग्लोव्हज, आणि काठाजवळचा गाळ थोडा चाळणीत घ्यायचा. तोच डबा, तोच ब्रश, तोच नियम.

लाल अळ्या मिळतील, बारीक दोऱ्यासारख्या, वळवळणाऱ्या. लाल का? आपलं रक्त ज्याने लाल आहे तेच हिमोग्लोबिन त्यांच्यात आहे, गाळात ऑक्सिजन जवळजवळ नसतो तर जो काय मिळेल तो धरून ठेवायला. कधी एक पांढुरकी अळी मिळते जिला उंदरासारखी लांब शेपटी असते, ती शेपटी म्हणजे श्वासाची नळी, पृष्ठभागावर टोक काढून वरची हवा घेते. म्हणजे सकाळच्या ताटलीतली मंडळी कल्ल्यांनी पाण्यातली हवा घेत होती, आणि संध्याकाळच्या ताटलीत तेच टिकलेत ज्यांचं पाण्यातल्या अगदी जराशा हवेवर भागतं किंवा जे वरची हवा घेतात. सांडपाणी आलं की ते खायला जीवाणू येतात, ते करोडोंनी वाढतात आणि सगळा ऑक्सिजन तेच संपवतात, मग गाळ काळा पडतो आणि सडक्या अंड्यासारखा वास येतो. पोरांना हे तोंडी सांगून कळत नाही, दोन ताटल्या शेजारी ठेवल्या की सांगावं लागत नाही.

पण एक बाजू अशीही आहे. २०२१ मध्ये इंदूर देशातलं पहिलं वॉटर प्लस शहर झालं (सांडपाणी शुद्ध केल्याशिवाय नदीनाल्यात न सोडणाऱ्या शहराला सरकार हा दर्जा देतं), गटाराची जी तोंडं थेट नदीत उघडायची ती बंद करून लाइनीत वळवल्यामुळे. आमच्या वहीत पहिल्या वर्षी नुसत्या लाल अळ्या लिहिल्यात, या जानेवारीत तीन गोगलगायी आणि एक टाचणीचं पिल्लू पण आहे. गोगलगायी वरची हवा घेतात म्हणून त्यांचं फार कौतुक नको, पण त्या टाचणीला कल्ले होते. एका टाचणीवरून मी नदी सुधारली म्हणणार नाही, पुढच्या वर्षी पाच मिळाल्या तर बघू.

घरी आलात की चाळणी, बादली, बूट सगळं साबणाने धुवा, हात कोपरापर्यंत. आणि नळ चालू केलात की पोरांना विचारा, हे पाणी कुठलं? नर्मदेचं. १९७८ पासून जलूदहून, मंडलेश्वरच्या जवळून, सुमारे ७० किलोमीटर लांबून आणि सगळा विंध्य चढवून पंपाने वर आणतात. मग ते सिंकमधून जातं, गटाराच्या लाइनीत, प्लांटमध्ये, तिथून कान्हमध्ये, कान्ह उज्जैनला त्रिवेणीपाशी क्षिप्रेला मिळते, मग चंबळ, यमुना, गंगा. जी नर्मदा अरबी समुद्रात जायला निघाली होती तिचं पाणी आपण भांडी घासून बंगालच्या उपसागराला पाठवतो. सकाळी गाडीत ज्या पठाराच्या कडेवरून एवढं भांडण झालं ती कड आपल्या मोरीत रोज ओलांडली जाते. आणि क्षिप्रेचं तर काय सांगावं, २०१४ पासून तिच्या उगमाला, उज्जैनी गावापाशी, पाइपातून नर्मदेचंच पाणी सोडतात, उगमच दुसऱ्या नदीचा! आमचे हे म्हणाले की मग आपण गंगास्नान केल्यासारखंच की, मी म्हटलं आधी ती चाळणी धुवा.

वहीत तारीख, जागा, पाण्याचं तापमान, संत्र्याचे तीन आकडे आणि किती प्रकारचे किडे एवढं लिहा, जास्त लिहायला गेलात तर दुसऱ्या वर्षी वही उघडणार नाही. जागा नक्की तीच ठेवा, एखाद्या मोठ्या खडकाची किंवा झाडाची खूण धरून, नाहीतर तुलना होत नाही.

आणि फेब्रुवारी-मार्चचं राहिलं. ओढा वरून कोरडा झाला की परत त्याच जागी जा. जिथे डोह होता तिथे वाळूत हाताने किंवा खुरप्याने फूटभर खड्डा करा आणि पाच-दहा मिनिटं थांबा, बऱ्याचदा तळाशी पाणी झिरपून येतं, थंडगार. ओढा गेलेला नसतो, तो वाळूच्या खालून चाललेला असतो आणि त्याच्याबरोबर बारीक किडे पण खाली उतरलेले असतात, पहिल्या पावसाची वाट बघत. ते पाणी चमच्याने ताटलीत घ्या, भिंग लावा, धीर धरा, फार बारीक असतात. आम्हाला दोन वर्षांपूर्वी एक मेफ्लाय मिळालं होतं, तिळाएवढं, तीन शेपट्या मोजता आल्या. बघून झालं की परत त्यातच सोडा आणि खड्डा बुजवून दाबून टाका, गुरांचा पाय जातो त्यात.